रंगीत प्रकाश आणि ऐतिहासिक दालन : जूचंद्रची रांगोळी ते शिकागोचा जिना

प्रस्तावना

नायगाव स्थानकाच्या पूर्वेस, मिठागरांच्या सान्निध्यात वसलेले जूचंद्र हे गाव दोन गोष्टींसाठी परिचित आहे. एक म्हणजे टेकडीवरील चंडिका देवीचे मंदिर आणि दुसरी म्हणजे रांगोळी. उंबरठ्यासमोर चिमटीने घातल्या जाणाऱ्या या कलेला जूचंद्रच्या कलावंतांनी व्यक्तिचित्राच्या पातळीवर नेले. चेहऱ्यावरची सुरकुती, डोळ्यातील ओल, वस्त्राची घडी हे सारे कोरड्या भुकटीच्या आधारे साकारण्याचे कौशल्य या गावाने कमावले आहे. अशी रांगोळी पाहणारा प्रेक्षक प्रथम कलावंताच्या हाताला दाद देतो व ती योग्यच आहे. मात्र त्या रांगोळीच्या वर टांगलेल्या दिव्याकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय तोच दिवा आहे. गेल्या काही दशकांत प्रकाश हे केवळ कलाकृती दाखविण्याचे साधन राहिले नसून तो स्वतःच कलाकृती झाला आहे. रंगीत प्रकाशाने संपूर्ण दालन भरून टाकणारी, प्रेक्षकाला सर्व बाजूंनी वेढणारी मांडणशिल्पे जगभरच्या संग्रहालयांत उभी राहू लागली आहेत. आपल्याकडेही वारसावास्तूंवर रंगीत दिव्यांचे झोत सोडण्याची पद्धत रूढ झाली असून राष्ट्रीय सणांच्या दिवशी तिरंगी प्रकाशात न्हालेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे मुंबईकरांच्या सवयीचे दृश्य झाले आहे. वास्तूच्या बाहेरील भिंतीवर रोषणाई करणे आणि शंभर-दीडशे वर्षे जुन्या संग्रहालयाच्या आतील दालनात रंगीत प्रकाश सोडणे, या दोन गोष्टी मात्र एकच नव्हेत. दुसऱ्या बाबतीत तेथील वस्तूंचा रंग, त्यांचे आयुष्य आणि वास्तूचा अर्थ असे तिन्ही पणाला लागतात. हे नेमके कसे घडते, याचे विवेचन येथे केले आहे.

रंग कोठे असतो?

रांगोळीचा रंग भुकटीत असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. व्यवहारात ती पुरेशीही आहे. शिरगोळ्याची पांढरी भुकटी किंवा कोकणात भाताची तुसे जाळून केलेली पांढरी राख हा मूळ आधार. त्यात हळद, कुंकू, गुलाल हे पारंपरिक रंग आणि अलीकडच्या काळात व्यक्तिचित्रांसाठी लेक कलर मिसळले जातात. परंतु भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहता भुकटीत रंग नसून निवड असते. तिच्यावर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातील काही तरंगलांबी ती शोषून घेते व उरलेल्या परत पाठविते. कुंकू लाल दिसते, कारण ते निळा व हिरवा प्रकाश गिळते आणि तांबडा परत करते. ही वजाबाकीची रीत होय. अनेक रंगद्रव्ये एकमेकांत मिसळत गेल्यास प्रत्येक जण आपला वाटा गिळत जातो आणि अखेर मळकट काळसर छटा हाती येते. रांगोळी भरताना शेजारच्या दोन रंगांचे कण एकमेकांत गेले की कलावंत का अस्वस्थ होतो, याचे शास्त्रीय कारण हेच.

प्रकाशाचा हिशोब याच्या नेमका उलट, म्हणजे बेरजेचा आहे. तांबडा, हिरवा व निळा असे तीन झोत पांढऱ्या भिंतीवर एकावर एक टाकले असता पांढरा प्रकाश मिळतो. तांबडा व हिरवा एकत्र आल्यास पिवळा दिसतो. दूरचित्रवाणीचा पडदा आणि एलईडी दिव्यांची रंग बदलणारी पट्टी ही दोन्ही याच तत्त्वावर चालतात.

या दोन रीती एकाच खोलीत समोरासमोर आल्या म्हणजे खरी गंमत होते. पांढरा, लाल, पिवळा, हिरवा व निळा अशा पाच रंगांची साधी रांगोळी अंधाऱ्या खोलीत घालावी आणि तिच्यावर केवळ तांबडा प्रकाश सोडावा. पांढरा आणि लाल यांच्यातील भेद जवळजवळ नाहीसा होतो, कारण दोघेही आलेला सगळा तांबडा प्रकाश परत पाठवितात. पिवळाही त्यांच्यातच जाऊन मिळतो. हिरवा आणि निळा काळे पडतात. पाच रंगांची रांगोळी दोन छटांची होऊन बसते. दिवा निळा केला की पात्रांची अदलाबदल होते : लाल काळा होतो, पिवळा मंदावतो आणि आतापर्यंत मेलेला निळा पांढऱ्याच्या बरोबरीने उजळतो. भुकटीचा एक कणही हललेला नसतो. विज्ञान, कला व मानसशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र आणणारा हा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयात शंभर-दोनशे रुपयांत करता येण्यासारखा आहे.

यात तिसरा भागीदार असतो तो पाहणाऱ्याचा डोळा. दृष्टिपटलावरील शंकुपेशी तीन प्रकारच्या असून त्या तरंगलांबीच्या लांब, मध्यम व आखूड पट्ट्यांना कमी-अधिक प्रतिसाद देतात. एकाच रंगाच्या प्रकाशात माणूस काही मिनिटे राहिला, तर त्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी शिणतात व तो रंग फिका वाटू लागतो. तांबड्या खोलीतून बाहेर आल्यावर पांढरी भिंत क्षणभर हिरवट-निळसर दिसते, ती यामुळे. व्हेनेझुएलाचे कलावंत कार्लोस क्रूझ-दिएझ यांनी १९६५ पासून विकसित केलेल्या ‘क्रोमोसॅच्युरेशन’ या मांडणशिल्पाचा सारा डोलारा या शारीरिक वस्तुस्थितीवर उभा आहे. लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने भरलेल्या लगतच्या दालनांतून प्रेक्षक चालत जातो. त्या दालनांत पाहण्याजोगी वस्तू जवळपास नसतेच. प्रेक्षक पाहतो ते स्वतःच्या डोळ्याचे वागणे.

वेढणारा प्रकाश

रंगीत प्रकाशाने माणसाला वेढण्याची कल्पना आधुनिक कलेने शोधून काढली, असे मानण्याचे कारण नाही. रंगीत काचांच्या खिडक्यांनी हे काम शतकानुशतके केले आहे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातील राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्यालगतच्या ग्रंथालयात वाचनासाठी बसलेल्या प्राध्यापकांनी चित्रकाचांमधून उतरलेले रंगाचे तुकडे टेबलावरून सरकताना पाहिलेच असतील. त्यातील रंग काचेत आहे की सूर्यात, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. दुसरे उदाहरण जूचंद्रपासून फारसे दूर नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर हाताने रंगविलेल्या चित्रांचे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर खेळ दाखविण्यास प्रारंभ केला. काचेवरची बोटभर आकृती अंधारात पुरुषभर उंचीची होई आणि समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवरही तिच्या रंगाची झाक पडत असे. मराठी मुलखात रंगीत प्रकाशाचा सार्वजनिक प्रयोग चलच्चित्रापूर्वीच रुजला होता, ही नोंद चित्रपटाच्या इतिहासात येते. ती कलेच्या इतिहासातही यावयास हवी.

विद्युत दिव्यांनी या जुन्या कल्पनेला आकाराची मर्यादा ठेवली नाही. लंडनमधील टेट मॉडर्न हे संग्रहालय पूर्वीच्या बँकसाइड वीजनिर्मिती केंद्राच्या वास्तूत आहे. तेथील प्रचंड टर्बाइन सभागृहात ओलाफुर एलियासन यांनी ऑक्टोबर २००३ ते मार्च २००४ या काळात ‘द वेदर प्रोजेक्ट’ हे मांडणशिल्प उभारले. छताला आरसे, हवेत विरळ धुके आणि टोकाला अर्धवर्तुळाकृती पडद्यामागे एकाच तरंगलांबीच्या पट्ट्यात प्रकाश देणारे पिवळे दिवे अशी त्याची रचना होती. छतातील प्रतिबिंबामुळे अर्धे वर्तुळ पूर्ण होऊन प्रचंड सूर्य दिसे. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो आणि अशा एकरंगी प्रकाशात कुठलाही दुसरा रंग उरत नाही. वीस लाखांहून अधिक लोक तेथे येऊन गेले. कित्येक जण जमिनीवर पाठ टेकून छतातील आपलेच प्रतिबिंब पाहत पडून राहात. सगळ्यांचे कपडे, त्वचा, केस पिवळा व काळा या दोनच रंगांत. माणसामाणसांतील रंगाचा भेद एका दिव्याने पुसून टाकावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. अर्थात त्या सभागृहात जपण्याजोग्या वस्तू मांडलेल्या नव्हत्या, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील जेम्स टरेल यांचे ‘एटन रेन’ (२०१३) हे याहून अवघड उदाहरण होय. फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेली व १९५९ मध्ये खुली झालेली ही वास्तू तिच्या चक्राकार चढत जाणाऱ्या सज्जामुळे जगप्रसिद्ध आहे. टरेल यांनी त्या चक्राच्या पोकळीत एकाआड एक लंबवर्तुळाकार वलये टांगली, त्यांत एलईडी दिवे लपविले आणि वरच्या काचेतून येणाऱ्या दिवसाच्या प्रकाशाशी त्यांचा मेळ घातला. खाली बसलेल्या माणसाला वर पाहिले असता जांभळ्यातून गुलाबीत, गुलाबीतून करड्यात हळूहळू विरघळणारा अवकाश दिसे. जे पाहण्यासाठी एरवी लोक त्या वास्तूत येतात, तो सज्जा मात्र तेवढ्या काळापुरता पूर्ण झाकला गेला. कलाकृती म्हणून ती देखणी होती यात शंका नाही. परंतु ऐतिहासिक वास्तूच्या दृष्टीने पाहता तिने वास्तूचा उपयोग चौकटीसारखा केला, असे म्हणणे भाग आहे.

ऐतिहासिक दालनाची अडचण

आता हा प्रश्न मुंबईत आणून पाहू. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले व १९७५ मध्ये त्यास भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. त्याच्या जीर्णोद्धारास २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बिडाचे रंगविलेले खांब, सोनेरी मुलामा, रंगीत फरशी आणि काचेच्या कपाटांतील मातीच्या रंगीत प्रतिकृती हे त्या दालनाचे वैभव. या संग्रहालयाने समकालीन कलावंतांनाही आपल्या दालनांत बोलावले असून मुंबईचे जितीश कल्लाट यांचे ‘फील्डनोट्स’ हे प्रदर्शन तेथे २०११ मध्ये झाले. अशा दालनात उद्या कोणी रंगीत प्रकाशाचे मांडणशिल्प मांडू म्हटले, तर काय होईल? निळ्या झोतात सोनेरी मुलामा मंदावेल, कारण सोने निळा प्रकाश बऱ्याच प्रमाणात शोषून घेते. तांबड्या झोतात मातीच्या प्रतिकृतींवरील पागोटी, लुगडी व उपरणी यांचे रंग एकमेकांत मिसळतील. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या लोकांची वस्त्रे कोणत्या रंगाची होती, याचा पुरावा म्हणून जी वस्तू तेथे ठेवली आहे, तीच पुरावा देईनाशी होईल.

हा परिणाम दिवा विझविताच संपतो, असे म्हणून तो दुय्यम ठरविता येईल. दुसरा परिणाम मात्र दिवा विझविल्यावरही राहतो. प्रकाशाने रंगद्रव्य, कागद, रेशीम व छायाचित्र यांची झीज होते आणि ही झीज साठत जाते. अंधारात ठेवल्याने ती भरून येत नाही. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने २००४ मध्ये सुचविलेल्या मर्यादेप्रमाणे अतिसंवेदनशील वस्तूंवर ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश असू नये व वर्षभराची एकूण मात्रा १५,००० लक्स-तासांच्या पुढे जाऊ नये. ५० लक्स प्रकाशात रोज आठ तास, असा साधा हिशोब केला तरी ही वर्षाची शिधा अवघ्या ३७ दिवसांत संपते. नाजूक चित्रे व वस्त्रे संग्रहालये आलटूनपालटून मांडतात त्यामागे हे गणित आहे.

येथपर्यंतची माहिती संग्रहालयशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडते. रंगीत प्रकाशाच्या बाबतीत मात्र एक कच्चा दुवा आहे व त्याची पुरेशी चर्चा होताना दिसत नाही. लक्स हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनेला बांधलेले आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या गडद निळ्या प्रकाशाला त्याचा प्रतिसाद त्याच्या जेमतेम चार टक्के असतो. त्यामुळे प्रकाशमापक यंत्र गडद निळ्या झोतात ५० लक्स दाखवीत असेल, तर त्या झोतातून वस्तूवर पडणारी ऊर्जा तेवढ्याच लक्सच्या हिरव्या झोतापेक्षा सुमारे २६ पट असते. त्यातही आखूड तरंगलांबीच्या प्रकाशाचा प्रत्येक कण अधिक ऊर्जेचा असल्याने रंगद्रव्याचे रासायनिक बंध तोडण्याची त्याची क्षमता जास्त. म्हणजे यंत्रावरचा आकडा सुरक्षित आणि वस्तू मात्र धोक्यात, अशी स्थिती उद्भवते. एलईडीच्या झोतात उष्णता व अतिनील किरण फारसे नसतात, हे खरे आहे. म्हणून तो ‘सुरक्षित दिवा’ ठरतो, हे विधान मात्र पांढऱ्या दिव्यापुरते आणि तेही सावधपणे केले पाहिजे. निळ्या-जांभळ्या प्रकाशाने भरलेल्या दालनात लक्सऐवजी प्रत्यक्ष ऊर्जेचे मापन करावयास हवे. नाहीतर संवेदनशील वस्तू तेवढ्या काळापुरत्या दालनाबाहेर न्याव्यात.

वस्तू बाहेर नेल्या की जतनाचा प्रश्न सुटतो, पण संग्रहालयाचा सुटत नाही. वस्तूंविना उरलेले दालन म्हणजे सुंदर रिकामी खोली. तेथे रंगीत प्रकाश आणण्याचे समर्थन कशाच्या आधारावर करावयाचे? प्रकाशाने जो रंग हिरावून घेतला, त्याच्या बदल्यात त्या जागेविषयी असे काही दाखविले पाहिजे, जे पांढऱ्या प्रकाशात दिसत नव्हते. ही अट कठोर आहे आणि बहुतेक रोषणाया या अटीला उतरत नाहीत.

शिकागोचा जिना

या अटीला उतरणारे एक उदाहरण मुंबईच्याच कलावंताच्या नावावर आहे. १९७४ मध्ये जन्मलेले व सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले जितीश कल्लाट यांनी ‘पब्लिक नोटिस’ या नावाने ऐतिहासिक भाषणांवर आधारित तीन कलाकृती केल्या. पहिलीत (२००३) पंडित नेहरूंचे स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचे भाषण आरशांवर जळक्या अक्षरांत उमटविले होते. दुसरीत (२००७) दांडीयात्रेच्या पूर्वसंध्येचे, ११ मार्च १९३० चे गांधीजींचे भाषण हाडांसारख्या घडविलेल्या अक्षरांतून मांडले होते. तिसरीचे माध्यम रंगीत प्रकाश हे होते व तिची जागा शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयाचा भव्य जिना ही होती. मधुवंती घोष या तिच्या अभिरक्षक होत्या.

या जागेचा पूर्वेतिहास मराठी वाचकाला अंशतः ठाऊक असतो. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जे पहिले भाषण केले, ते शालेय पाठ्यपुस्तकांपासून व्याख्यानमालांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. ते भाषण ज्या वास्तूत झाले, तीच पुढे आर्ट इन्स्टिट्यूटची वास्तू झाली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरणाऱ्या परिषदांसाठी ती उभारली गेली होती; परिषदा संपल्यावर त्याच वर्षी संग्रहालय तेथे राहावयास आले. परिषदेसाठीची तात्पुरती सभागृहे काढून टाकण्यात आली आणि कालांतराने तेथे आजचा जिना झाला. ज्या जागी आवाज घुमला होता, ती जागा वास्तूच्या आराखड्यातूनच पुसली गेली होती.

कल्लाट यांनी ११ सप्टेंबर २०१० पासून त्या भाषणाची संपूर्ण संहिता जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या उभ्या फळ्यांवर एलईडी दिव्यांच्या अक्षरांत मांडली. संहिता वाचावयाची तर पायरी चढावयास हवी. वाक्य पुढे जाते तसा वाचणाराही वर जातो. असहिष्णुता व धर्मवेड यांचा अंत व्हावा, अशी आशा त्या भाषणाच्या अखेरीस व्यक्त झालेली आहे. त्यानंतर बरोबर १०८ वर्षांनी त्याच तारखेला, २००१ मध्ये, अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला. १०८ ही संख्या भारतीय मनाला जपमाळेची आठवण देते, पण या कलाकृतीचा खरा आशय संख्येत नाही. तो रंगांत आहे. अक्षरांसाठी वापरलेले लाल, नारिंगी, पिवळा, निळा व हिरवा हे पाच रंग अमेरिकेत २००२ मध्ये सुरू झालेल्या धोक्याच्या सूचनापद्धतीतले होते. हिरवा म्हणजे धोका कमी, लाल म्हणजे अत्यंत गंभीर. विमानतळावर प्रवाशांना भीतीची पातळी सांगणारे रंग सहिष्णुतेच्या भाषणाची अक्षरे झाले.

येथे प्रकाशाने नेमके काय केले, हे पाहण्याजोगे आहे. पायरीचा दगड त्याने झाकला नाही. जिना जिन्यासारखाच वापरात राहिला. लोक दालनांकडे जाताना त्यावरून चढत-उतरत होते. दालनांतील चित्रांवर त्या प्रकाशाचा भार पडला नाही, कारण तो जिन्यापुरता होता आणि वाचण्यापुरता होता. आणि जे पांढऱ्या प्रकाशात दिसू शकत नव्हते, म्हणजे त्या जागी एकेकाळी उच्चारले गेलेले शब्द, ते दिसू लागले. टरेल यांच्या कलाकृतीत वास्तू मागे सरली; येथे वास्तूची हरवलेली आठवण पुढे आली. दोन्ही ठिकाणी दिवे एलईडीचेच. प्रेक्षकाला वेढण्याच्या बाबतीत शिकागोचा जिना उणा पडतो, असा आक्षेप घेता येईल. डोळे दिपविणारा रंगाचा महापूर तेथे नव्हता. पण जिन्याच्या मध्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे अक्षरेच होती, आणि तो शब्दांच्या आत उभा होता.

या कलाकृतीची एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. ती रंगसूचनापद्धती २०११ मध्ये बंद करण्यात आली. २०१० मध्ये ज्या रंगांचा अर्थ कोणाही अमेरिकन प्रवाशाला न सांगता कळत होता, तो आज तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही समजावून द्यावा लागेल. दगड, धातू व भुकटी यांप्रमाणेच रंगीत प्रकाशालाही काळ लागतो. झीज दिव्याची नव्हे, संकेताची होते.

जूचंद्रच्या दिव्याचा प्रश्न

रांगोळीकडे परत येता तिची स्थिती संग्रहालयातील वस्तूच्या अगदी उलट आहे, हे ध्यानात येते. तिला प्रकाशाने विटण्याइतके आयुष्यच मिळत नाही. वाऱ्याची झुळूक, पंखा, मांजर किंवा कुतूहलाने पुढे आलेले बालक हे तिचे खरे शत्रू, आणि त्यांतून वाचली तरी काही दिवसांत ती भरून टाकावी लागते. मागे उरते ते छायाचित्र. कित्येक तास ओणवे बसून भरलेल्या चेहऱ्याचा रंग पुढील पिढीला कसा दिसणार, हे त्या दिवशी त्या खोलीत लावलेल्या दिव्यावर ठरते. म्हणून रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या माळा लावून रांगोळीचे प्रदर्शन ‘आकर्षक’ करण्याचा मोह आवरला पाहिजे. व्यक्तिचित्रातील त्वचेचा रंग हा पांढरा, पिवळा, लाल व तपकिरी यांच्या बारीक मिश्रणातून येतो आणि रंगीत झोतात सर्वांत आधी मरतो तो हाच. रंगीत प्रकाशच हवा असेल, तर त्याच्यासाठी वेगळी रांगोळी योजावी : लाल झोतात एक आकृती आणि निळ्या झोतात दुसरी दिसेल, अशी. जूचंद्रच्या हातांना ते अवघड नाही.

साध्या पांढऱ्या दिव्याची निवडही डोळे मिटून करण्याजोगी नसते. बाजारातील एलईडीच्या खोक्यावर रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, छापलेला असतो. हा निर्देशांक आठ फिकट नमुना-रंगांच्या सरासरीवरून काढला जातो. गडद लाल रंगाचा नमुना, ज्याला ‘आर ९’ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. त्यामुळे ८० निर्देशांकाच्या दिव्याखाली कुंकू व गुलाल मलूल दिसण्याची शक्यता असते आणि दोष भुकटीवर येतो. निर्देशांक ९० च्या वर आणि आर ९ चा आकडा स्वतंत्रपणे दिलेला असा दिवा थोडा महाग पडतो, पण एका रांगोळीला लागणाऱ्या रंगांच्या खर्चापुढे तो फार नाही.

नोंद ठेवण्याची पद्धत याहूनही स्वस्त आहे. रांगोळी पूर्ण झाल्यावर खोलीतील बाकीचे दिवे बंद करून एकाच प्रकारच्या दिव्यांत, दोन्ही बाजूंनी सारख्या कोनातून प्रकाश टाकून पहिले छायाचित्र घ्यावे आणि त्या चौकटीच्या कडेला एक करडे कार्ड ठेवावे. कार्डाचा रंग ठरलेला असल्याने पुढे कधीही छायाचित्रातील रंग त्याच्या आधारे दुरुस्त करता येतात. सोबत दिव्याचा प्रकार, रंगतापमान, तारीख आणि वापरलेल्या रंगांची नावे लिहून ठेवावीत. वापरलेल्या प्रत्येक रंगाची चिमूटभर भुकटी लहान काचेच्या बाटलीत भरून, चिठ्ठी लावून, अंधाऱ्या कपाटात ठेवली तर उत्तमच. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, रसायनशास्त्र व ग्रंथालय विभागांनी गावातील कलावंतांच्या संमतीने एका दिवाळीपुरते हे काम हाती घेतले, तरी पहिल्या वर्षाच्या नोंदी एका कपाटात मावतील.